तीन मायर आणि सिन्नरचे तलाठी

जर्मन आडनावांबद्दल काही शंका असेल तर मला खुशाल विचारा. दोह्यात या विषयावर अधिकारवाणीनं बोलणारी आजवर दोनच माणसं झाली. त्यातला एक मी. दुसरे हल्ली सिन्नर तालुक्यात असतात, आणि त्यांना दुपारी दोन ते चार फोन केलेला चालत नाही.

हे ज्ञान मी हौसेनं मिळवलेलं नाही. ते मला गेटपासापायी मिळालं.

गोष्ट २०१९च्या जूनमधली. वर्ल्ड कपला चांगली साडेतीन वर्षं होती, पण दोह्यात कुणाशीही बोललं तर तो येत्या शुक्रवारी आहे असंच वाटायचं. रस्ते रोज सकाळी नव्या जागी वळायचे. काल जिथून ऑफिसला गेलो तिथं आज खड्डा, आणि खड्ड्याभोवती उद्याच्या स्टेशनाचं सुंदर चित्र. मी वेस्ट बेमधल्या एका कन्सल्टंट कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होतो. म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासऱ्यांना सतरा वर्षांत समजलेलं नाही. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, तो कुणाकडे गेला ते टिपायचं, आणि त्या माणसानं ‘मला मिळालाच नाही’ म्हटलं की त्याची सही त्याच्या नाकासमोर धरायची. सतरा वर्षांत माझ्या हातून एक ड्रॉइंग हरवलेलं नाही. हे मी सांगतो आहे, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर शौनक. वय चौतीस, मूळ कोथरूड. कंपनीत सगळ्यांनी एकमेकांना नावानं हाक मारायची असा नियम आहे. तो मला मान्यही आहे, फक्त तो दोन्ही बाजूंनी चालत नाही. ते मला ‘गिरीश’ म्हणतात, आणि माझ्या तोंडून आपोआप ‘शौनक सर’ निघतं.

“गिरीश, एक छोटंसं काम आहे,” ते म्हणाले.

कामाला ‘छोटंसं’ म्हणणाऱ्या माणसाकडे मी तेव्हापासून संशयानं बघतो.

आमच्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांच्या खुर्च्यांखालून गार हवा सोडायची व्यवस्था होती. ती आखणाऱ्या जर्मन कंपनीचे सहा इंजिनियर दोन आठवड्यांनी, रविवारी चाचणीला येणार होते. त्यांचे गेटपास काढायचे, एवढंच काम. मी यादी उघडली. पहिली तीन नावं सरळ होती. चौथं होतं थोमास मायर. पाचवं होतं थोमास मायर. आणि सहावं, तुम्ही ओळखलंच असेल.

मी जर्मनीला मेल टाकली की यादीत एक गृहस्थ चुकून तीनदा आले आहेत. तिथल्या श्रोडर नावाच्या बाईंचं उत्तर आलं की चूक नाही. एक पाइपांचे मायर, एक पंपांचे मायर आणि एक कंट्रोल पॅनेलचे मायर. चाचणीच्या सर्टिफिकेटवर तिघांच्याही सह्या लागतात. शिवाय नावं एक नाहीतच, कृपया नीट वाचावं. खरंच, नीट वाचल्यावर फरक दिसला. एकाच्या आडनावात मधे ई-वाय, दुसऱ्याच्या ए-आय, तिसऱ्याच्या ए-वाय आणि लगेच आर. मी ओशाळलो. नीट वाचा हे वाक्य मी लोकांना सांगायचं असतं.

सोबत फोटो होते. तीन टकलं, तीन करड्या दाढ्या, तीन बिनफ्रेमचे चष्मे.

पास ऑफिस म्हणजे स्टेडियमच्या गेटाबाहेर ठेवलेली एक पत्र्याची केबिन. खिडकीत रहमान नावाचा केरळातल्या मलप्पुरमचा माणूस बसायचा. अतिशय सभ्य. नकार देताना तो हात छातीवर ठेवायचा. पहिले चार पास निघाले आणि रहमानचा हात छातीवर गेला.

“भाईसाब, ये आदमी का पास हो गया.”

“वो दुसरा है. ये तिसरा है.”

“सिस्टीम बोलता है एकही है.”

त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवला. पास अरबीत निघायचे, आणि अरबीत ई-वाय, ए-आय वगैरे लाड नसतात. तिघंही एकाच वळणाचे ‘मायर’ झाले होते. देश एक, कंपनी एक, हुद्दा एक. जन्मतारखेचं नुसतं साल घेतलं जायचं, आणि तिघांचंही साल सहासष्ट. त्या वर्षी जर्मनीत दुसरं नाव ठेवायला बंदी होती की काय, कोण जाणे.

“पासपोर्ट नंबर अलग है ना!” मी म्हणालो.

“पासपोर्ट खो जाता है तो नया नंबर मिलता है, भाईसाब. आदमी तो वही रहता है.” हे तत्त्वज्ञान मी टिपून घेतलं. कुणीतरी पूर्वी एकाच माणसाच्या नावावर दोन पास काढून भलत्यालाच आत नेलं होतं म्हणे. तेव्हापासून नियम होता, एक आदमी, एक पास.

मी ठरवलं, मधलं नाव घालायचं. श्रोडर बाईंनी कळवलं की ए-आयवाल्यांचं मधलं नाव योझेफ आहे, बाकीच्यांना ते नाही. मी आनंदानं ‘थोमास योझेफ’ भरून दिलं. दुसऱ्या दिवशी रहमानचा हात छातीवर. योझेफ त्यांच्या आईला ठाऊक होता, पासपोर्टला नव्हता.

मग मी जरा हुशारी केली. माणसानं आयुष्यात बरंच काही करावं, पण सरकारी कागदाशी हुशारी करू नये. अल सद्दमध्ये आमच्या घराखाली भाषांतराचं एक दुकान आहे. तिथल्या इजिप्शियन गृहस्थांना सांगून मी तीन मायर तीन तऱ्हांनी लिहून घेतले. एक मायर, एक मेयर, एक मायीर. अर्ज पुन्हा भरला आणि घरी येऊन बायकोला, नयनाला म्हणालो, “डोकं लागतं.”

“कशाला?” तिनं विचारलं.

मंगळवारी कळलं, कशाला. नवं अरबी नाव व्हिसावरच्या नावाशी जुळेना. त्यामुळे मेयर आणि मायीर तर बाद झालेच, पण अर्ज तिघांचा एकत्र असल्यानं ज्याचा पास आधी निघाला होता त्या मूळ मायरचाही रद्द झाला. आता तिघांपैकी कुणीच आत जाऊ शकत नव्हतं. रविवारला पाच दिवस उरले होते. सह्या नाहीत तर चाचणी नाही, आणि चाचणी नाही तर स्टेडियमचं वेळापत्रक एकदम सप्टेंबरात, कारण श्रोडर बाईंच्या म्हणण्याप्रमाणे तिन्ही मायर जुलै-ऑगस्टात सुट्टीवर असतात.

शौनक सर काचेच्या केबिनमध्ये मला बसा म्हणाले नाहीत. “गिरीश, it’s just a gate pass, यार. तुम्हाला जमत नसेल तर मी एचआरच्या मुलीला सांगतो. ती स्मार्ट आहे.”

मुलगी स्मार्ट होतीच. माझा आक्षेप ‘यार’ला होता. बाहेर पन्नास माणसं कॉम्प्युटरकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडे बघत होती. घरी येईपर्यंत मी तीन राजीनामे मनातल्या मनात लिहिले. तिसरा बराच चांगला जमला होता.

संध्याकाळी नयनानं माझा चेहरा बघून शेजारच्या आल्फ्रेडला बोलावलं. आल्फ्रेड फरेरा मूळचा वसईचा. इथं एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, आणि माणसाच्या आतलं सगळं आपल्याला दिसतं अशा थाटात बोलतो.

“सोपं आहे,” तो म्हणाला. “आमच्या गावात तीन आल्फ्रेड फरेरा होते. एक बावखलाकडचा, म्हणजे तळ्याकडचा, एक चिंचेखालचा, एक मी. पोस्टमनला कधी अडलं नाही. तुझ्या मायरांना टोपणनावं दे. टकल्या, दाढीवाला आणि चष्मिस.”

“तिघंही तिन्ही आहेत,” मी फोटो दाखवले.

आल्फ्रेडनं फोटो दिव्यासमोर धरले, सवयीनं. “मग एकाला दाढी काढायला सांग.” हा सल्ला मी श्रोडर बाईंना कळवणार नाही हे बघून तो नाराज झाला, आणि म्हणाला, “थांब, वरच्या काकांना विचारू. ते तलाठी होते.”

वरच्या मजल्यावर जालिंदर राहतो. तो आमच्याच स्टेडियमवर एका ठेकेदाराकडे पाइपिंगचं काम बघतो. त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेलेली, म्हणून पोपटराव, त्याचे वडील, व्हिजिट व्हिसावर आले होते. सिन्नर तालुक्यात चौतीस वर्षं तलाठी. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपी. दिवसभर घरात एकटे. जालिंदरनं त्यांना बजावलं होतं की इथं कुणाला काही विचारत बसू नका, कारण आल्या आल्या त्यांनी लिफ्टमध्ये एका कतारी गृहस्थांना या बिल्डिंगचा गट नंबर विचारला होता. तेव्हापासून ते लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

आल्फ्रेड पोपटरावांना खाली आमच्याकडे घेऊन आला. त्यांनी माझी कहाणी पूर्ण ऐकून घेतली. शेवटी विचारलं, “गाव कोणतं?”

“कुणाचं?”

“या तिघांचं हो. नाव विचारलं, जन्माचं साल विचारलं, मधलं नाव विचारलं. गाव नाही विचारलं? मग चौकशी काय केली, टिपणीस?”

सांगायचं राहिलं, माझं आडनाव टिपणीस.

मी म्हणालो, फॉर्मवर गावाचा रकाना नाही. पोपटरावांनी पासपोर्टच्या प्रती मागितल्या, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जन्मस्थान. दहा दिवस ते कागद माझ्या फायलीत होते, नंबर घालून. ज्याच्या हातून सतरा वर्षांत ड्रॉइंग हरवलं नाही त्यानं तीन गावं हरवली होती.

“हे पहिलं काय? उलझन?”

“युल्त्सन असेल बहुतेक.”

“म्हणजे उलझनच. दुसरं रॉइटलिंगन. तिसरं रोझनहाइम. आता नकाशा काढा.”

लॅपटॉपवर जर्मनीचा नकाशा निघाला आणि पोपटराव खुर्ची ओढून जे बसले ते जेवायलाही उठेनात. उलझन वर उत्तरेला. रॉइटलिंगन खाली नैर्ऋत्येला. रोझनहाइम पार दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी. जर्मनीत कोणतं आडनाव कुठं किती आढळतं याचे नकाशे कुणी कुणी करून ठेवलेत. ते आम्ही पासपोर्टांशेजारी ठेवून बघितले. ई-वायवाले मायर उत्तरेकडे दाट. ए-आयवाले नैर्ऋत्येत. ए-वाय-आरवाले बव्हेरियाच्या दक्षिणेत. तिन्ही पासपोर्ट आपापल्या रंगाच्या ठिपक्यात अचूक पडत होते.

“आणि मायर म्हणजे काय?” पोपटरावांनी विचारलं. मी वाचून दाखवलं की जमीनदाराच्या वतीनं त्याचं शेत बघायचं, कुळांकडून धान्य गोळा करायचं, हिशेब द्यायचा, असा माणूस. लॅटिनमधल्या ‘मोठा’ या शब्दावरून आलेलं.

पोपटरावांनी टोपी सरळ केली. “म्हणजे वतनदार माणसं आहेत ही. खोत म्हणा, पाटील म्हणा. आपल्यातलीच.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमचं टिपणीस म्हणजे टिपणं ठेवणारा. आणि तुम्ही सध्या काय करता?”

“डॉक्युमेंट कंट्रोल.”

“मग तीनशे वर्षांत बदललं काय?”

पुढचा तासभर त्यांनी माझ्याकडून सबंध जर्मनी वाचून घेतली. म्युलर म्हणजे जात्यावाला, गिरणीवाला. गावोगाव गिरणी, म्हणून देशभर म्युलर, आणि तेच सर्वांत जास्त. श्मिट म्हणजे लोहार. (“फरेरातही लोखंडच आहे,” आल्फ्रेडनं स्वतःचं पोर्तुगीज आडनाव शोधून सांगितलं आणि सरसावून बसला.) गाड्या करणारा सुतार दक्षिणेकडे वाग्नर, वायव्येकडे राडमाखर, ईशान्येकडे श्टेलमाखर. “बरोबर आहे,” पोपटराव म्हणाले, “आपल्याकडे सुतार, तोच विदर्भात वाढई.” शिंपी इतरत्र श्नायडर, पण उत्तरेत श्रोडर. तेव्हा कुठं आम्हाला कळलं की गेले दहा दिवस माझ्याशी मेलवर बोलणाऱ्या बाई उत्तरेकडच्या शिंप्यांच्या. त्यानंतर मला त्यांच्या मेलांचा राग येईनासा झाला. अगदी उत्तरेला, डेन्मार्कच्या शेजारी, पेटरसन, म्हणजे पेटरचा मुलगा. तिथं आडनाव पडायला वेळच मिळाला नव्हता, बापाचंच नाव चिकटून राहिलं.

“पण एकाच शब्दाची तीन स्पेलिंगं कशी काय झाली?” नयनानं चहा ठेवत विचारलं.

“लिहिणाऱ्यानं जसं ऐकलं तसं लिहिलं, वहिनी,” पोपटराव म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. “मी नवीन असताना दोन भावांच्या जमिनीची नोंद केली. एकाला सानप लिहिलं, दुसऱ्याला साणप. न आणि ण. कोर्टानं विचारलं, हे भाऊ कशावरून? सात वर्षं केस चालली. धाकटा निकालाआधीच गेला.” त्यांनी चहाला हात लावला नाही. “कागद बाहेर गेला की आपला राहत नाही, टिपणीस. म्हणून एकदाच लिहायचा, पण पक्का.”

त्याच रात्री आम्ही खुलासा लिहिला. पोपटराव सांगत होते, मी इंग्रजी करत होतो. ‘सदर तिन्ही इसम नामसाधर्म्यामुळे एक भासत असले तरी वस्तुतः भिन्न असून’ याचं इंग्रजी करायला मला पाऊण तास लागला. प्रत्येकाचं गाव, गावाची चतुःसीमा, आडनावाचं मूळ, पूर्वजांचा व्यवसाय, आणि सोबत रंगीत नकाशा. बुधवारी खालच्या इजिप्शियन गृहस्थांनी त्याचं अरबी केलं, शिक्का मारला. गुरुवारी पत्र घेऊन मी खिडकीशी गेलो तेव्हा माझ्याबरोबर पोपटराव होते. जालिंदर साइटवर असल्यानं त्याला विचारायचा प्रश्न आला नाही. त्रेचाळीस डिग्री उन्हात त्यांनी सदऱ्याची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली होती. “ऑफिसला जायचंय,” ते म्हणाले.

रहमाननं नकाशा बघितला, टोपी बघितली, आणि हात छातीकडे न नेता आतल्या दाराकडे केला. “मुदीर साब के पास जाओ.”

आत मुदीर, म्हणजे ऑफिसचे प्रमुख, अबू जासिम. साठीपलीकडचे कतारी गृहस्थ. त्यांनी अरबी पत्र सावकाश वाचलं आणि मान वर करून स्वच्छ हिंदीत विचारलं, “ये तीन आदमी स्टेडियम में अनाज वसूल करने क्यों आ रहे हैं?”

इजिप्शियन गृहस्थांनी पूर्वजांचा व्यवसाय वर्तमानकाळात लिहिला होता. त्या पत्रानुसार तीन जर्मन वसुली अधिकारी रविवारी धान्य गोळा करायला येणार होते, आणि त्याकरिता त्यांना पंपरूममध्ये प्रवेश हवा होता. मी ‘सॉरी सर, मिस्टेक सर’ सुरू केलं. शौनक सरांचा ‘यार’ मला आत्ताच ऐकू येऊ लागला होता.

पोपटरावांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि पुढे झाले.

“साहेब, ये काम उनका दादा-परदादा करता था. ये लोग खाली पाइप देखेगा. तीनो का आडनाव एकच हय, पन गाव अलग हय, लिखनेका ढंग अलग हय. म्हणून मानूस अलग हय. मैं चौतीस साल यहीच काम किया. तलाठी. जमीन किसकी, मानूस कौन, ये मैं लिखता था.”

“किधर?”

“सिन्नर. नाशिक.”

“बंबई से कितना दूर?” अबू जासिमांनी खुर्चीकडे हात केला. त्यांचे वडील मोत्यांचे व्यापारी, मुंबईला जायचे. आम्हाला कावा, म्हणजे अरबी कॉफी आली, खजूर आला. मग त्या दोघांनी नकाशा टेबलावर पसरला आणि माझं तिथलं काम संपलं. ते विचारत होते, लोहार कुठला? हे सांगत होते, सगळीकडचा. मी मधे एकदा वेळापत्रकाबद्दल बोललो, तेव्हा दोघांनीही माझ्याकडे एकदमच बघितलं.

“हमारे में भी ऐसा,” अबू जासिम म्हणाले. “नाम, बाप का नाम, दादा का नाम, फिर कबीला. या फिर गाव. बगदाद का आदमी, बगदादी.”

“म्हणजे आमचं कर!” पोपटराव खुर्चीवरून अर्धे उठले. “नाशिक का आदमी, नाशिककर!”

अबू जासिमांनी रहमानला हाक मारली. फॉर्मच्या अगदी तळाशी कबिल्याचा एक रकाना असतो. परदेशी माणसांसाठी तो रिकामा सोडतात. नाव तेच ठेवायचं, व्हिसाप्रमाणे, आणि त्या रकान्यात जन्मगाव घालायचं. रहमान टाइप करू लागला. थोमास मायर अल-युल्त्सनी. थोमास मायर अल-रॉइटलिंगनी. थोमास मायर अल-रोझनहाइमी. सिस्टीमनं क्षणभर विचार केला आणि तिन्ही नावं एकापाठोपाठ हिरवी झाली.

“खलास,” अबू जासिम म्हणाले. मग पेन थांबवून, “एक शर्त. ये खुलासा जिसने लिखा, वो इतवार को गेट पे आएगा. तीनों को पहचान के देगा. मैं नहीं पहचान सकता.” फोटोंकडे त्यांनी एकवार बघितलं होतं.

पोपटरावांसाठी एक दिवसाचा पास निघाला. हुद्द्याच्या रकान्यात काय लिहावं यावर रहमान अडला. अबू जासिमांनी स्वतः अक्षरं सांगितली. अरबीत ‘तलाठी’ कसं दिसतं ते मी त्या दिवशी पाहिलं. फारच भारदस्त दिसतं.

घरी जालिंदर चिडला. “टिपणीसकाका, तुम्ही बाबांना गेटवर नेलंत? आणि रविवारी परत? माझ्या साइटवर? ते तिथं सगळ्यांना गट नंबर विचारत सुटतील!”

पोपटराव उठले. आत जाऊन त्यांनी सदरा इस्त्रीला घेतला.

रविवारी सकाळी साडेसहाला गेटाशी बसमधून सहा जर्मन उतरले. शौनक सर हजर होते, एचआरची मुलगी हजर होती, आणि हातात तीन पास घेऊन मी उभा होतो. कोणता कुणाचा, हे मला अजिबात कळत नव्हतं. तीन टकलं उन्हात चमकत होती. एकानं ‘मायर’ म्हणून हात पुढे केला. त्यामागोमाग उरलेल्या दोघांनीही.

पोपटराव पुढे झाले. तिघांना ओळीत उभं केलं, आणि चावडीवर हाक द्यावी तशा आवाजात म्हणाले, “उलझन?”

मधला गोरा मनुष्य दचकला. मग त्याचा चेहरा उजळला. “या, या! युल्त्सन!”

“रॉइटलिंगन?” डावीकडचे पुढे आले. “रोझनहाइम?” उजवीकडच्यांनी चक्क टोपीला सलाम केला. तिघांना तीन पास मिळाले, तिघं तीन वेळा मशीनमधून पार झाले, एकदाही लाल दिवा लागला नाही. रोझनहाइमचे मायर मला इंग्रजीत म्हणाले की वीस वर्षं आम्ही तिघं बरोबर हिंडतोय. दोघं आत जातात आणि एक जण बाहेर बसतो, हे आता आम्ही धरूनच चालतो. तिघांनाही एकदम आत घेणारा हा पहिला देश. मी हे वाक्य शौनक सरांना ऐकू जाईल अशा बेतानं पुन्हा म्हणायला लावलं. माणसानं संधी सोडू नये.

शौनक सरांनी दुपारी सगळ्यांना मेल टाकली, ‘गेट पास इश्यू क्लोज्ड. गुड जॉब टीम.’ टीममध्ये मी होतो, एचआरची मुलगी होती, आणि जे कधी गेटाकडे फिरकले नव्हते असे आणखी अकरा जण होते. मी त्या मेलला नंबर देऊन फाइल केली.

पण त्याआधी सकाळी एक गोष्ट झाली. ती कुठल्याही मेलमध्ये नाही.

पास दिवसभराचा होता, आणि अबू जासिमांनी सांगून ठेवलं होतं की हाजींना आत बसू द्या. पोपटराव हाजी नाहीत हे सांगायचं मला सुचलं नाही. हेल्मेट टोपीवर बसेना. शेवटी त्यांनी टोपी घडी करून खिशात ठेवली. चौतीस वर्षं तलाठी राहिलेल्या त्या माणसाचं डोकं मी पहिल्यांदा बघितलं. पूर्ण टक्कल. चौथा मायर म्हणून सहज खपले असते.

चाळीस हजार खुर्च्या, आणि त्यात एकटे पोपटराव. खाली मैदानाकडे बघून ते म्हणाले, “सत्तर-एकाहत्तर गुंठे भरेल.” मी नंतर मापं काढून गणित केलं. बरोबर निघालं.

खाली पंपरूमच्या दारातून जालिंदर बाहेर आला. बरोबर तिन्ही मायर. त्याला वर बाप बसलेला दिसला आणि तो जागीच थांबला. पाइपांचे मायर, म्हणजे युल्त्सनचे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारत होते. स्टेडियम रिकामं होतं, त्यामुळे जालिंदरचं इंग्रजी वरपर्यंत स्पष्ट ऐकू आलं.

“दॅट मॅन? ही इज माय फादर. तलाठी.” आणि मग, जरा मोठ्यानं, “ही रोट द लेटर.”

तिन्ही मायरांनी वर बघून हात हलवले. पोपटरावांनी उभं राहून नमस्कार केला. मग कुठंतरी दूर घरघर सुरू झाली. मी हात खुर्चीखालच्या जाळीपाशी नेला. आधी काहीच नाही. मग धुळीचा वास. मग बोटांना गार लागलं. थोड्या वेळानं ते पायांवरून वर चढू लागलं. भर जूनमध्ये, सताड उघड्या आभाळाखाली, माझ्या अंगावर काटा आला. जालिंदर दोन दोन पायऱ्या चढत आमच्यापाशी आला, हेल्मेट काढून उभा राहिला, आणि शाळेतला निकाल दाखवावा तसा म्हणाला, “बाबा, ही लाइन माझी आहे. इथून तिथपर्यंत.”

पोपटरावांनी इथून तिथपर्यंत बघितलं. दोनदा. मग त्यांनी फोन काढला आणि सिन्नरला घरी लावला. स्पीकर चालू आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

“कोण, तुम्ही?” पलीकडून बाईंचा आवाज आला. “जेवलात का? ऊन फार आहे ना तिकडं?”

“अगं, स्वेटर आणायला पाहिजे होता.”

“वाळवंटात स्वेटर? बरं वाटतंय ना तुम्हाला?”

“बरं वाटतंय,” पोपटराव म्हणाले. त्यांनी डोळे पुसले आणि फोन तोंडाजवळ नेला. “थंडी वाजतेय. आपल्या जालिंदरनं केलेली आहे.”